बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या परदेशस्थ उपकंपन्यांतील व्यवस्थापकांची नेमणूक : चाकण परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

पुणे-नाशिक महामार्गाने मंचरहून दक्षिणेकडे निघाले की खेड ओलांडल्यावर चाकणची औद्योगिक वसाहत लागते. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील महाविद्यालयांतून पदवी घेणाऱ्या कित्येक विद्यार्थ्यांची पहिली नोकरी या वसाहतीत किंवा शेजारच्या शिरूर तालुक्यातील रांजणगाव येथे असते. फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ, ब्रिजस्टोन, एलजी ही नावे आता आपल्या विद्यार्थ्यांना परकी राहिलेली नाहीत. वाणिज्य व व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गात मात्र आंतरराष्ट्रीय मनुष्यबळ व्यवस्थापन हा घटक आजही बहुधा अमेरिकन पाठ्यपुस्तकातील अमेरिकन उदाहरणांनीच शिकविला जातो. उदाहरणे महामार्गाच्या कडेला उभी असताना ती अटलांटिकपलीकडून का आणावीत, हा प्रश्न प्रस्तुत लेखामागे आहे.

परदेशातील उपकंपनी चालविण्यासाठी व्यवस्थापक कोठून आणावा, या प्रश्नाचे उत्तर साधारणतः राष्ट्रीयत्वाच्या भाषेत दिले जाते. मूळ देशाचा, यजमान देशाचा की तिसऱ्याच देशाचा, असे तीन रकाने आखले जातात. हे रकाने उपयुक्त आहेत, परंतु अपुरे आहेत. व्यवसायाचे निर्णायक ज्ञान कोठे आहे आणि मूळ कंपनीचा विश्वास कोणावर आहे, या दोन गोष्टींवर नेमणूक ठरते. पारपत्राचा रंग हा त्यांचा केवळ बाह्य परिणाम होय, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

नेमणुकीमागील दृष्टिकोन

हॉवर्ड पर्लम्यूटर यांनी १९६९ मध्ये मांडलेले वर्गीकरण प्राध्यापकवर्गास परिचित आहे. महत्त्वाच्या पदांवर मूळ देशाचीच माणसे नेमणारा मूळदेशकेंद्री दृष्टिकोन, त्या त्या देशातील माणसांवर कारभार सोपविणारा यजमानदेशकेंद्री दृष्टिकोन आणि राष्ट्रीयत्व न पाहता योग्य व्यक्ती शोधणारा विश्वकेंद्री दृष्टिकोन, असे त्याचे तीन भाग होते. प्रदेशकेंद्री हा चौथा दृष्टिकोन १९७० च्या दशकात त्यात जोडण्यात आला. हे वर्गीकरण शिकविताना आपल्याकडून अनेकदा असा समज करून दिला जातो की कंपनी या पायऱ्या क्रमाने चढत जाते आणि विश्वकेंद्री ही शेवटची, म्हणून सर्वांत प्रगत पायरी होय. पर्लम्यूटर यांनी स्वतः ही वाट वळणावळणाची असल्याचे म्हटले होते. प्रत्यक्षात एकाच कंपनीत, एकाच वेळी, वेगवेगळ्या खात्यांत वेगवेगळे दृष्टिकोन नांदत असतात. व्यवस्थापकीय संचालक व वित्तप्रमुख मूळ देशाचे आणि मनुष्यबळ विभागाचा प्रमुख मात्र स्थानिक, ही रचना जगभर आढळते. कामगार कायदे, संघटनांशी वाटाघाटी आणि तालुक्याच्या राजकारणाशी रोजचा संबंध हे परदेशातून आलेल्या माणसाचे काम नव्हे, हे कोणतीही कंपनी लवकरच शिकते.

व्यवस्थापक परदेशातून का पाठविला जातो ?

या प्रश्नाचे आजही सर्वाधिक उपयोगी पडणारे उत्तर अँडर्स एडस्ट्रॉम व जे गॅलब्रेथ यांनी १९७७ मध्ये दिले. त्यांच्या मते अशा बदलीमागे तीन हेतू असतात. पहिला हेतू पदपूर्तीचा : यजमान देशात ते काम जाणणारा मनुष्यच उपलब्ध नसतो. दुसरा, पाठविल्या जाणाऱ्या अधिकाऱ्याच्या जडणघडणीचा : त्याने पुढे मुख्यालयात वर चढावे म्हणून त्याला परदेशाचा अनुभव दिला जातो. तिसरा, संघटना-विकासाचा : माणसे इकडून तिकडे फिरविल्याने ओळखी, सवयी व मूल्ये कंपनीभर पसरतात आणि लेखी नियमांवाचून नियंत्रण साधते.

पदपूर्तीचे उदाहरण जुन्नर तालुक्यातच आहे. नारायणगाव येथील इंडेज समूहाने १९८० च्या दशकात शॅम्पेनच्या पद्धतीने फसफसणारी वाइन तयार करण्याचे ठरविले. बाटलीत दुसऱ्यांदा किण्वन घडवून आणण्याचे हे तंत्र भारतात जाणणारे कोणी नव्हते. फ्रान्समधील पायपर-हाइडसिक या शॅम्पेन उत्पादकाचे तांत्रिक साहाय्य घेण्यात आले आणि 'ओमर खय्याम' या नावाची वाइन येथून परदेशी गेली. ही परदेशी उपकंपनी नव्हती; भारतीय कंपनीने केलेले ते तांत्रिक सहकार्य होते. तथापि तंत्राबरोबर तंत्रज्ञ का लागतो, हे त्यातून स्पष्ट होते. द्राक्ष केव्हा तोडावे, आम्लता किती असावी, वेगवेगळ्या वाइनचे मिश्रण चाखून कसे ठरवावे, हे पुस्तकात पुरते उतरत नाही. ते माणसाबरोबर येते आणि माणसाकडून माणसाकडे जाते. ज्ञान जितके अलिखित, तितकी परदेशी तज्ज्ञाची गरज अधिक. ते येथील हातांत उतरले की ती गरज संपते.

तिसरा हेतू अधिक सूक्ष्म आहे. मूळ कंपनी हजारो मैल दूर असते. उपकंपनीचा प्रमुख जे कळवील त्यावरच तिला विसंबावे लागते आणि त्याचे हित व कंपनीचे हित प्रत्येक वेळी एकच असेल याची खात्री नसते. अर्थशास्त्रात यास मालक-प्रतिनिधी समस्या म्हणतात. यावर दोन उपाय संभवतात. एक, अहवाल, लेखापरीक्षण व मंजुऱ्यांचे जाळे विणणे. दोन, आपल्यासारखाच विचार करणारा मनुष्य तेथे बसविणे. अॅन-विल हार्झिंग यांनी २००१ च्या आपल्या लेखात परदेशी पाठविलेल्या व्यवस्थापकांस अस्वल, भुंगा व कोळी अशा उपमा दिल्या. अस्वल थेट वचक ठेवते, भुंगा एका फुलावरचा पराग दुसऱ्यावर नेतो, कोळी अनौपचारिक संबंधांचे जाळे विणतो. उपमा गमतीदार असल्या तरी विद्यार्थ्यांच्या लक्षात राहतात, हा वर्गातील अनुभव आहे.

दूरच्या प्रदेशात आपला माणूस ठेवावा की तेथलाच नेमावा, हा पेच कंपन्यांच्या जन्मापूर्वीचा आहे. जुन्नरच्या मानमोडी डोंगरातील लेण्यात महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा दानलेख असून त्यात ४६ हे वर्ष दिले आहे. ते शककालाचे मानल्यास इ.स. १२४ येते; याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. क्षहरात क्षत्रप बाहेरून आलेले, तर अयम आपले गोत्र वत्स सांगतो. याच नहपानाचा शक जामात ऋषभदत्त याचे लेख नाशिक व कार्ले येथे आहेत. म्हणजे एकाच सत्तेने एकीकडे घरचा जावई आणि दुसरीकडे येथील समाजातला दिसणारा वत्सगोत्री अमात्य, अशा दोहोंकडून काम घेतले होते. हे साम्य फार ताणू नये. तरीही नियंत्रणासाठी आप्त व कारभारासाठी स्थानिक ही विभागणी आधुनिक व्यवस्थापनशास्त्राचा शोध नव्हे, हे या दोन तालुक्यांतील अध्यापकास लेणी दाखवितच सांगता येईल.

भारतातील अनुभव

यजमान देशाच्या माणसांकडे कारभार सोपविण्याचे भारतातील सर्वपरिचित उदाहरण मुंबईत मुख्यालय असलेल्या हिंदुस्थान लिव्हरचे होय. युनिलिव्हरच्या या उपकंपनीचे पहिले भारतीय अध्यक्ष म्हणून प्रकाश टंडन यांनी १९६१ मध्ये सूत्रे घेतली. १९३७ मध्ये ते कंपनीत दाखल झाले होते. म्हणजे उमेदवारीपासून अध्यक्षपदापर्यंत २४ वर्षे लागली. त्यांच्यानंतर १९६८ मध्ये वसंत राजाध्यक्ष अध्यक्ष झाले. या भारतीयीकरणामागे औदार्य किती आणि गरज किती, हा प्रश्न रास्त आहे. स्वातंत्र्योत्तर शासनाचा वरिष्ठ पदांच्या भारतीयीकरणाचा आग्रह होताच. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने परदेशी भागभांडवलावर सर्वसाधारणपणे ४० टक्क्यांची मर्यादा घातल्यानंतर तर स्थानिक नेतृत्व ही टिकून राहण्याची अट ठरली. मात्र लिव्हरने हे बरेच आधी केले होते. साबण व वनस्पती तूप खेड्यापाड्यांत विकावयाचे असेल, तर बाजाराचे ज्ञान लंडनमध्ये नसून येथे आहे, हे तिने ओळखले होते.

पुढील घटनाक्रम पायऱ्यांचा सिद्धान्त मानणाऱ्यांस अडचणीत टाकणारा आहे. साडेचार दशके भारतीय नेतृत्व असलेल्या या कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकारीपदी २००६ मध्ये डग्लस बेली हे युनिलिव्हरच्या आफ्रिका व मध्यपूर्व विभागाची जबाबदारी सांभाळलेले अधिकारी आले. २००८ मध्ये त्यांची जागा नितीन परांजपे यांनी घेतली. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे पदवीधर असलेले परांजपे २०१३ मध्ये लंडनला गेले व २०१९ मध्ये संपूर्ण युनिलिव्हरचे मुख्य परिचालन अधिकारी झाले. येथे 'स्थानिक' मनुष्य मुख्यालयात पोहोचला, पण तोवर कंपनीने त्याला दोन दशकांहून अधिक काळ घडविले होते. मुख्यालयाने विश्वास टाकला तो त्या घडणीवर.

संयुक्त प्रकल्पात चित्र निराळे असते. पुण्यात १९६२ मध्ये स्थापन झालेल्या किर्लोस्कर कमिन्समध्ये अमेरिकन कंपनीने इंजिनाचे तंत्र दिले, तर माणसे, बाजार व शासनदरबारीचा वावर किर्लोस्करांकडे आयताच होता. भागीदारच स्थानिक ज्ञान पुरवीत असेल, तर व्यवस्थापक पाठविण्याची निकड कमी होते. १९९७ मध्ये किर्लोस्करांचा हिस्सा कमिन्सने घेतला व कंपनीचे नाव कमिन्स इंडिया झाले. तोपर्यंत भारतीय व्यवस्थापकांची एक पिढी तयार झालेली होती.

चाकण, तळेगाव व रांजणगाव

मोटार उद्योगात मात्र भिन्न परंपरा दिसते. मर्सिडीज-बेंझ १९९४ मध्ये भारतात आली, प्रारंभी टेल्कोच्या पिंपरी येथील आवारातून काम करू लागली आणि २००९ मध्ये चाकणला स्वतःच्या कारखान्यात गेली. विल्फ्रीड आउल्बर, पीटर होनेग, एबरहार्ड केर्न, रोलांड फोल्गर, मार्टिन श्वेंक अशी परदेशी प्रमुखांची मालिकाच २०२२ अखेरपर्यंत चालू राहिली. १ जानेवारी २०२३ रोजी संतोष अय्यर हे पहिले भारतीय प्रमुख झाले. त्यापूर्वी ते विक्री व विपणन विभाग सांभाळीत होते. भारतात येऊन सुमारे २८ वर्षे झाल्यावर हा बदल घडला. कोरियन ह्युंदाईस त्याहूनही अधिक काळ लागला. १९९६ मध्ये भारतात स्थापन झालेल्या व २०२३ मध्ये जनरल मोटर्सचा तळेगाव येथील कारखाना घेण्याचा करार केलेल्या या कंपनीत तरुण गर्ग हे १ जानेवारी २०२६ पासून पहिले भारतीय व्यवस्थापकीय संचालक झाले. फोक्सवॅगनचा चाकण कारखाना मार्च २००९ मध्ये सुरू झाला. २०१९ मध्ये समूहाच्या भारतातील कंपन्या एकत्र करून स्कोडा ऑटो फोक्सवॅगन इंडिया स्थापन झाली, तेव्हा तिचे नेतृत्व गुरप्रताप बोपाराय यांच्याकडे होते.

या विलंबाची मीमांसा करता येते. जपानी व जर्मन कंपन्या आपल्या उपकंपन्यांच्या प्रमुखपदी मूळ देशाचे अधिकारी अमेरिकन व ब्रिटिश कंपन्यांपेक्षा अधिक प्रमाणात नेमतात, असे हार्झिंग यांच्या अभ्यासात आढळले. मोटारीची रचना, दर्जाची मानके व पुरवठादारांची साखळी यांचे ज्ञान श्टुटगार्ट किंवा सोल येथे केंद्रित असते. शिवाय कारखाना शून्यातून उभारला असेल, तर मुख्यालयाच्या पद्धती रुजविण्यासाठी त्या पद्धतीत वाढलेला मनुष्य हवा असतो. कालांतराने कारखाना स्थिरावतो आणि प्रश्न उत्पादनाचा न राहता विक्रीचा होतो. अय्यर विक्रीच्या बाजूने वर आले. गर्ग यांचा अनुभवही प्रामुख्याने विक्री व विपणनाचा आहे. हा केवळ योगायोग नसावा. ज्या ज्ञानाची टंचाई असते, ते ज्याच्याकडे असते, त्याच्याकडे खुर्ची जाते.

खर्चाचा विचारही आहेच. घर, मुलांचे शिक्षण, प्रवास व करभरणा धरता पाठविलेला अधिकारी स्थानिकापेक्षा कित्येक पट महाग पडतो. त्यात तो मुदतीपूर्वी परतला तर नुकसान दुहेरी. रोझली टंग यांनी १९८० च्या दशकारंभी केलेल्या तुलनेत अमेरिकन कंपन्यांत अशा परतीचे मुख्य कारण पत्नी वा पती यांस परदेश न मानवणे हे होते, तर जपानी कंपन्यांत अधिकाऱ्यास नव्या, मोठ्या जबाबदारीचा भार न पेलणे हे होते. अपयशाच्या प्रमाणाविषयी पाठ्यपुस्तकांत फिरणारे मोठमोठे आकडे मात्र फारसे आधार नसताना एका लेखातून दुसऱ्यात उतरले आहेत, असे हार्झिंग यांनी १९९५ मध्ये दाखवून दिले. ते आकडे आपण अजूनही फळ्यावर लिहितो, ही खेदाची बाब आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. नावाच्या पाटीवर स्थानिक मनुष्य आला म्हणजे निर्णय स्थानिक झाला, असे नव्हे. पूर्व आशियाई कंपन्यांत स्थानिक विभागप्रमुखाशेजारी समन्वयक वा सल्लागार या नात्याने मुख्यालयाचा अधिकारी असतो व खरी चर्चा त्याच्यामार्फत मूळ देशाच्या भाषेत होते, असे या विषयावरील साहित्यात वारंवार नोंदविले गेले आहे. म्हणून कोणाची नेमणूक झाली याबरोबरच कोणत्या रकमेपर्यंत तो स्वतः मंजुरी देऊ शकतो, हेही पाहिले पाहिजे.

उलट दिशेचा प्रवास

पुण्याच्या कंपन्या स्वतः मूळ कंपन्या झाल्या तेव्हा त्यांनी काय केले, हे पाहणे उद्बोधक आहे. किर्लोस्कर ब्रदर्सने २००३ मध्ये ब्रिटनमधील एसपीपी पंप्स घेतली. भारत फोर्जने २००४ मध्ये जर्मनीतील कार्ल डान पेडिंगहाउस हा घडाई उद्योग घेतला आणि तो मुख्यतः जर्मन व्यवस्थापकांकरवीच चालविला. टाटा मोटर्सने २००८ मध्ये फोर्डकडून जॅग्वार लँड रोव्हर घेतली. तिच्या प्रमुखपदी ब्रिटिश डेव्हिड स्मिथ, जर्मन राल्फ स्पेथ, फ्रेंच तिएरी बोलोरे व ब्रिटिश एड्रियन मार्डेल असे क्रमाने आले, पी. बी. बालाजी हे पहिले भारतीय प्रमुख नोव्हेंबर २०२५ मध्ये झाले. तोपर्यंत १७ वर्षे उलटली होती.

वरकरणी टाटांचे धोरण उदार यजमानदेशकेंद्री व मर्सिडीजचे संकुचित मूळदेशकेंद्री वाटेल. वास्तविक दोन्हींमागील तर्क एकच आहे. मर्सिडीजच्या बाबतीत ज्ञान मूळ कंपनीत होते, म्हणून माणूस तेथून आला. टाटांच्या बाबतीत आलिशान मोटारीचे ज्ञान विकत घेतलेल्या कंपनीतच होते. तेथे पिंपरीचा माणूस बसविणे म्हणजे ज्यासाठी पैसे मोजले त्यालाच धक्का लावणे ठरले असते. विकत घेतलेल्या उपकंपन्यांत स्थानिक प्रमुख अधिक आढळतात, हा संशोधनाचा निष्कर्षही याला धरून आहे. आणि बालाजी कोण ? टाटा मोटर्स समूहाचे वित्तप्रमुख. त्याआधी हिंदुस्थान युनिलिव्हरचे वित्तप्रमुख. नियंत्रणाची दोरी ज्या खात्यातून जाते, त्याच खात्यातून ते आले.

कायद्याची चौकट

कायद्याचा भाग थोडक्यात सांगता येईल. कंपनी कायदा, २०१३ नुसार प्रत्येक कंपनीच्या संचालकांपैकी किमान एकाने वर्षात १८२ दिवस भारतात वास्तव्य केलेले असावे लागते. २००८ पासून परदेशी कर्मचारी भविष्यनिर्वाह निधीच्या कक्षेत आले. अलीकडचा महत्त्वाचा टप्पा म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा १९ मे २०२२ चा नॉर्दर्न ऑपरेटिंग सिस्टिम्स प्रकरणातील निर्णय होय. मूळ समूहकंपनीने भारतीय कंपनीकडे तात्पुरते पाठविलेले कर्मचारी हा मनुष्यबळ पुरवठ्याचा व्यवहार असून त्यावर सेवाकर लागतो, असे न्यायालयाने ठरविले. अशा नेमणुकीचे करार किती काळजीपूर्वक लिहावे लागतात, हे त्यामुळे कंपन्यांच्या ध्यानी आले. वाणिज्य शाखेत कर व मनुष्यबळ हे विषय वेगवेगळ्या तासिकांत शिकविले जातात. हा निकाल दोहोंत शिकविण्याजोगा आहे.

'स्थानिक' कोण ?

आता या विवेचनातील सर्वांत निसरड्या शब्दाकडे येऊ. सिद्धान्ताच्या भाषेत यजमान देशाचा नागरिक म्हणजे स्थानिक. दिल्लीत वाढलेला, अहमदाबादेत व्यवस्थापन शिकलेला व गुरुग्राममध्ये नोकरी केलेला अधिकारी चाकणला आला की तो 'स्थानिक व्यवस्थापक' होतो. पिंपळवंडी किंवा अवसरीच्या घरात या शब्दाचा अर्थ तसा नसतो. महाराष्ट्र शासनाच्या औद्योगिक धोरणात पर्यवेक्षकीय श्रेणीत किमान ५० टक्के व एकूण किमान ८० टक्के स्थानिक व्यक्ती असाव्यात, अशी अपेक्षा दीर्घकाळ नमूद आहे. तेथे स्थानिक म्हणजे महाराष्ट्राचा अधिवासी. जमीन गेलेल्या शेतकऱ्याच्या बोलण्यात स्थानिक म्हणजे तालुक्याचा, कधी कधी गावाचाच. तीन वर्तुळे, तीन अर्थ. कंपनीने भारतीयीकरण पूर्ण केल्याची बातमी येते तेव्हा ती फक्त सर्वांत बाहेरच्या वर्तुळाविषयी बोलत असते.

आतल्या वर्तुळातील तरुण प्रामुख्याने शिकाऊ उमेदवार, कंत्राटी कामगार, कनिष्ठ अभियंता किंवा भांडार व लेखा विभागातील सहायक म्हणून आत शिरतो. हे प्रवेशद्वार कमी प्रतीचे आहे, असे म्हणणे उचित होणार नाही. मर्सिडीज-बेंझने २००२ मध्ये पुण्याच्या शासकीय तंत्रनिकेतनात वाहन-मेकॅट्रॉनिक्सची प्रगत पदविका सुरू केली. फोक्सवॅगनने २०११ मध्ये चाकण येथे जर्मन पद्धतीचे, वर्ग व कार्यशाळा यांची सांगड घालणारे शिकाऊ प्रशिक्षण सुरू केले. जर्मनीत अशा उमेदवारीतून वर चढून संचालक मंडळापर्यंत गेलेली माणसे आढळतात. आपल्याकडे मात्र कारखान्याच्या मजल्यावरून वर जाणारा जिना आणि व्यवस्थापन पदविकेवरून येणारा जिना हे दोन वेगळे जिने आहेत. ते मधल्या एखाद्या मजल्यावर क्वचितच मिळतात. टंडन यांना २४ वर्षे लागली, परंतु ते उजव्या जिन्यावर पहिल्या दिवसापासून उभे होते.

पदवीच्या प्रकल्पकार्यासाठी हा विषय सहज हाती घेता येण्यासारखा आहे. प्रत्येक महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी या तिन्ही वसाहतींत आहेत. त्यांना विचारावयाचे प्रश्न साधे आहेत : तुमचा थेट वरिष्ठ मूळचा कोणत्या जिल्ह्याचा, त्याचा वरिष्ठ कोठला, आठवड्याच्या बैठकीची भाषा कोणती, तुमच्याबरोबर लागलेल्यांपैकी कोणास जर्मन, जपानी वा कोरियन भाषा शिकण्यासाठी कंपनीने वेळ दिला का, आणि किती पायऱ्या चढल्यावर महाराष्ट्राबाहेरचा, किती चढल्यावर देशाबाहेरचा मनुष्य भेटतो. पन्नास-साठ जणांची उत्तरे एका तक्त्यात मांडली, तरी पर्लम्यूटर यांच्या रकान्यांत न बसणारी बरीच माहिती हाती येईल.